ठिगळ की गिऱ्हाईक : फुगवायच्या होडीचा इतिहास

फुगवायच्या होडीला भोक पडले तर ते साबणाच्या पाण्याने सापडते आणि ठिगळाने बुजते. तिचे खरे म्हातारपण वेगळेच असते. कापडावरचा थर चिकट किंवा भुसभुशीत होतो, सांधे जोडणारा गोंद सुटू लागतो, मागची लाकडी फळी आतून कुजते आणि नळ्यांमधली हवा कुठूनही न दिसता सगळीकडून झिरपते. अशी होडी दुरुस्त करावी की आहे त्या स्थितीत विकून टाकावी, हा प्रश्न आज मालकाच्या खिशाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र दर काळात होडी कशाची बनली आहे आणि तिचे तुकडे कशाने जोडले आहेत यावर ठरत आले. कातडे, रबर, कृत्रिम रबर आणि प्लास्टिक असा या होड्यांचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर दुरुस्तीची रीत बदलली, तिच्याबरोबर बाजारही बदलला.

हवेवर तरंगण्याची युक्ती फार जुनी आहे. इराकमधल्या निमरूद येथे असुरनासिरपाल दुसरा या असिरियन राजाचा इ. स. पूर्व नवव्या शतकातला राजवाडा सापडला. तिथले शिल्पपट्ट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या काहींत सैनिक फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पोहून जाताना दिसतात. कातड्याचे तोंड एकाच्या ओठांत आहे, म्हणजे पोहता पोहताच तो गेलेली हवा पुन्हा भरतो आहे. गळती आणि तिच्यावरचा इलाज एकाच चित्रात कोरले गेले आहेत.

विक्रीचा भाग ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवला. इ. स. पूर्व पाचव्या शतकात त्याने बॅबिलोनला येणाऱ्या गोल होड्यांचे वर्णन केले. त्या फुगवायच्या नव्हत्या. आर्मेनियात विलोच्या फांद्यांच्या सांगाड्यावर कातडे ताणून त्या बनवत आणि माल भरून प्रवाहाबरोबर खाली आणत. प्रत्येक होडीत एक गाढव असे, मोठीत एकाहून जास्त. बॅबिलोनला माल विकला की सांगाडा आणि आत अंथरलेला पेंढाही तिथेच विकायचा, कातडी गाढवांवर लादायची आणि पायी परतायचे. प्रवाह इतका जोरकस की उलट जाणे शक्यच नव्हते. झाडे नसलेल्या सपाट मुलखात लाकडाला भाव होता, तर कातडे कमावण्याची मेहनत मोठी होती. त्यामुळे काय विकायचे आणि काय राखायचे याचा हिशेब दर खेपेला नव्याने मांडावा लागत नसे.

तैग्रिस नदीवरचे केलेक नावाचे तराफे मात्र खरोखर हवेवर चालत. बकऱ्या-मेंढ्यांची फुगवलेली कातडी वाशांच्या चौकटीखाली बांधत, आणि बगदादला पोचल्यावर इथेही लाकूड विकून, कातडी रिकामी करून माघारी नेत. ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली. पुरातत्त्वज्ञ ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४७ मध्ये निमरूदचे पंख असलेले प्रचंड दगडी बैल आणि सिंह बसऱ्याला नेले ते अशाच तराफ्यांवरून. एकेका तराफ्याखाली सुमारे सहाशे कातडी होती. बांधताना प्रत्येक कातड्याचे तोंड वरच्या बाजूला ठेवत. वाटेत एखादे फुटले किंवा सैल पडले, तर तराफा न मोडता वाशांच्या फटीतून हात घालून ते पुन्हा फुगवता यायचे. दुरुस्तीची सोय बांधणीतच केलेली असणे हा गुण पुढच्या अनेक हुशार होड्यांना साधला नाही. लेयार्डने पाठवलेल्या काही पेट्या मुंबई बंदरातून पुढे इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही असिरियन शिल्पपट्ट आहेत.

महाराष्ट्रातल्या नद्यांवर भोपळ्यांची सांगड चाले. तिची दुरुस्ती म्हणजे फुटका भोपळा काढून दुसरा बांधणे, एवढेच. ज्या वस्तूचा भाग शेतात उगवतो तिला जुना बाजार तयार होत नाही.

रबर आले आणि हा सोपा हिशेब मोडला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतले. गॅस कारखान्यातल्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचे आणि तो लेप कापडाच्या दोन थरांमध्ये दाबायचा, अशी त्याची पद्धत. कापड पाणी आणि हवा दोन्ही अडवी, पण उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठ. शिवले तर सुईच्या भोकांतून गळती होई, म्हणून सांधे चिकटवणे भाग होते. हे दोन्ही दोष होडीवाल्यांच्या मानगुटीवर बसले. रबरावर गंधक आणि उष्णतेची प्रक्रिया केली की ते ऋतूंना दाद देत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ च्या सुमारास सापडले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉकने १८४३ मध्ये, तर अमेरिकेत गुडइयरने १८४४ मध्ये पेटंट मिळवले. पहिला दोष त्यामुळे बराच आटोक्यात आला. दुसरा तसाच राहिला.

जॉन फ्रेमाँट या अमेरिकी सर्वेक्षकाने तो पुरेपूर भोगला. १८४२ मध्ये त्याची रबरी होडी प्लॅट नदीच्या खळाळात उलटून गेली. पुढच्या वर्षी तो नवी घेऊन आला आणि सप्टेंबर १८४३ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तिच्यातून उतरला. होडीचे सांधे शिवलेले नव्हते, घाईघाईत नुसते चिकटवलेले होते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर दोन नळ्यांतून हवा जाऊ लागली आणि एक माणूस सतत भात्यावर बसवून बाकीच्यांनी ती बेटापर्यंत वल्हवत नेली.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच दशकात मिळते. ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट पीटर हॅल्केट याने अंगावर पांघरायच्या झग्यातच होडी बसवली. वजन साडेतीन किलोच्या आत, हवेचे कप्पे चार, आणि छोट्या भात्याने तीन-चार मिनिटांत फुगणारी. हातातल्या काठीला पाते बसवले की वल्हे होई, छत्री उघडली की शीड. नौदल मंत्रालयाने १८४५ मध्ये कल्पना चतुर ठरवली आणि नौदलाच्या उपयोगाची नाही म्हणून बाजूला ठेवली. आर्क्टिकच्या संशोधकांनी मात्र ती उचलली. जॉन फ्रँकलिनने आपल्या शेवटच्या मोहिमेवर एक नेली. १८४६-४७ मध्ये जॉन रे याने हडसन बे कंपनीच्या मोहिमेत दुसरी वापरली, तीही बहुतेक वेळ जाळी टाकण्यासाठी. खडकाळ किनाऱ्यावर सहा आठवड्यांहून अधिक काळ राबूनही तिला कसलीच दुरुस्ती लागली नाही, असे त्याने नमूद केले आहे. थंड हवा आणि थोडे ऊन रबराला मानवतात, हे त्यामागचे एक कारण असावे. एवढ्या कौतुकानंतरही हॅल्केटची होडी बाजारात चालली नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात तिचा एक नमुना आजही आहे.

फुगवायची होडी खऱ्या अर्थाने कारखान्यात शिरली ती विमानविद्येच्या दारातून. मोठ्या हवाई जहाजांना हायड्रोजन कोंडून ठेवणारे कापड लागे, आणि ते शिवण्या-चिकटवण्याचे कसब ज्यांच्याकडे होते त्यांना हवाई जहाजांचे दिवस भरत आल्यावर दुसरे काम हवे होते. १८९६ मध्ये मॉरिस मॅले याने स्थापन केलेली फ्रान्सची झोडियाक कंपनी फुगे आणि हवाई जहाजे बनवत असे. तिचा अभियंता पिएर दब्रुतेल याने १९३४ मध्ये फुगवायच्या होडीचा नमुना केला. दोन लांब नळ्या पुढे जोडून इंग्रजी यू अक्षराचा आकार आणि मागे इंजिन टांगायला लाकडी आडवी फळी, ही आज सगळीकडे दिसणारी घडण त्याच्या कामातून आली. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड डॅग्नल याची १९२० मध्ये सुरू झालेली आर. एफ. डी. कंपनीही याच वाटेने होड्यांकडे वळली.

लाकडी फळीने सोय झाली तशी नवी डोकेदुखीही आली. कापड लवचीक आणि फळी ताठ, त्यामुळे इंजिनाचा सगळा जोर त्या दोहोंच्या सांध्यावर येतो. जुन्या होडीची पारख करणारा आजही आधी मागची फळी हलवून पाहतो. ती डुगडुगली, किंवा टोचणीने खरवडल्यावर प्लायवूड मऊ लागले, तर नळ्या कितीही घट्ट असोत, भाव खाली येतो.

दुसऱ्या महायुद्धाने या होड्या हजारोंनी बनवल्या. लढाऊ वैमानिकाच्या आसनाखाली एकट्यापुरती, बॉम्बफेकी विमानाच्या पंखात पूर्ण तुकडीची, अशी त्यांची जागा ठरून गेली. जानेवारी १९४२ मध्ये विमानासह प्रशांत महासागरात उतरलेले तीन अमेरिकी नौसैनिक अडीच मीटरही लांब नसलेल्या रबरी तराफ्यावर ३४ दिवस तगून बेटाला लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेकिन बेटावर पाणबुड्यांमधून गेलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांच्या रबरी होड्यांची इंजिने लाटांच्या पाण्याने बंद पडली, आणि परतताना फुटत्या लाटांतून वल्हवत बाहेर पडणे अनेकांना जमले नाही. युद्धात होडी दुरुस्त करण्याचा प्रश्न फारसा येत नसे, कारण ती एका खेपेसाठीच होती.

तो प्रश्न युद्ध संपल्यावर आला. लष्कराचा शिल्लक माल लिलावात निघाला, त्यात तराफे आणि पूल बांधायचे रबरी तरंगते होते. स्वस्तात मिळालेल्या या मालावर एक अख्खा धंदा उभा राहिला. १९५० च्या दशकात जॉर्जी व्हाइट ही धाडसी बाई असेच तीन मोठे तरंगते एकमेकांना बांधून प्रवाशांना ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदीने नेऊ लागली. नदीवरच्या सफरींचा व्यवसाय अमेरिकेत वाढला तो बऱ्याच अंशी सरकारने टाकून दिलेल्या रबरावर. सरकारी लेख्यात ज्याचे आयुष्य संपले होते ते नावाड्यांनी ठिगळे लावून आणखी वर्षानुवर्षे वापरले. ठिगळ लावण्याची कला दुकानात न शिकता नदीकाठच्या वाळूत शिकलेली पिढी याच काळातली.

फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार याने १९ ऑक्टोबर १९५२ रोजी लास पाल्मास सोडले आणि २३ डिसेंबरला तो बार्बाडोसला पोचला. त्याची होडी होती सुमारे साडेचार मीटरची झोडियाक, तिचे नाव ‘लेरेतिक’, म्हणजे पाखंडी. जहाज फुटल्यावर माणूस समुद्रातल्याच अन्नपाण्यावर जगू शकतो, हे त्याला दाखवायचे होते. त्याच्या आहारशास्त्राबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. होडीबद्दल मात्र झाले नाहीत. चिकटवलेले सांधे ६५ दिवस अटलांटिक सोसतात, हे तिने सिद्ध केले. १९६० च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारात जहाजांवर फुगवायच्या जीवरक्षक तराफ्यांना मान्यता मिळाली, आणि सागरसंशोधक कुस्तोच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावरच्या झोडियाक होड्या जगाने पडद्यावर पाहिल्या. होडी हौशी माणसाच्या गाडीच्या डिकीत आली, आणि काही वर्षांनी ती जुनी झाल्यावर काय करायचे हा विचार सामान्य घरात होऊ लागला.

या विचाराचा निकाल रसायनशास्त्र लावते. नैसर्गिक रबर हवेतल्या ओझोनने तडकते, विशेषतः ताणलेल्या अवस्थेत, आणि फुगवलेली नळी तर कायम ताणलेलीच असते. १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने निओप्रीन हे कृत्रिम रबर काढले आणि १९५० च्या दशकात हायपलॉन आणले. हायपलॉनवर ऊन, ओझोन आणि इंधन यांचा परिणाम फार संथ होतो. सुती कापडाची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली होती. बाहेरून हायपलॉन, आतून हवा धरणारे निओप्रीन, मध्ये विणलेले कापड, अशी होडी नीट सांभाळली तर वीस वर्षे आणि क्वचित त्याहून जास्त टिकते. हिचा दोष किंमत. शिवाय सांधे हातानेच चिकटवावे लागतात.

त्याला पर्याय म्हणून पीव्हीसीचा लेप असलेले कापड आले. ते स्वस्त आहे आणि यंत्राने उष्णता देऊन त्याचे सांधे वितळवून जोडता येतात. पण पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते उन्हाने हळूहळू बाहेर येते. पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग कडक, आणि घडी पडलेल्या रेषेवर तडा जातो. स्वस्त होड्यांचे सांधे नुसते चिकटवलेले असले तर उष्ण देशात गोंदच आधी दगा देतो. म्हणूनच हायपलॉनची पंधरा वर्षांची होडी दुरुस्तीला योग्य ठरते आणि पीव्हीसीची सात वर्षांची ठरत नाही. वय विचारण्याआधी कापड कोणते हे विचारले पाहिजे. नवखा गिऱ्हाईक नेमके उलट करतो.

ठिगळाचे काम वरवर पाहता सायकलच्या पंक्चरसारखे असते. फरक शिस्तीचा. आधी साबणाचे पाणी फासून बुडबुडे शोधायचे, पेन्सिलीने खूण करायची, हवा काढून कापड सपाट पसरायचे. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर पुढे जाईल असे आणि कोपरे गोल करून कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. हायपलॉन पॉलिश पेपरने घासून त्याची चमक घालवायची, पीव्हीसी मात्र न घासता द्रावकाने पुसायचे. हायपलॉनला निओप्रीनचा दोन भागांचा गोंद लागतो आणि पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा, अदलाबदल केली की काम वाया. पातळ थर लावायचा, वाळू द्यायचा, दुसरा लावायचा, बोटाला जेमतेम चिकटेल इतका झाला की ठिगळ बसवून मधून कडेकडे रूळ फिरवायचा. मग निदान एक दिवस हवा भरायची नाही. हवेत दमटपणा फार असेल तर गोंदावर ओल धरते आणि ठिगळ आठवड्यात सुटते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे काम बंद खोलीत, हवा कोरडी करून करावे लागते. पुराच्या दिवसांत होड्या सर्वांत जास्त फाटतात, आणि गोंद सर्वांत कमी धरतो तोही याच दिवसांत.

हवा जर एका जागेहून न जाता सगळ्या कापडातून झिरपत असेल, तर झडपेतून पातळ लॅटेक्स आत ओततात आणि नळी गोल गोल फिरवून आतून थर बसवतात. एखाद-दोन हंगाम निघतात. हा उपाय बहुतेकदा विक्रीच्या आधीच केला जातो, म्हणून जाणता गिऱ्हाईक झडप उघडून आत बोट फिरवतो.

दुरुस्ती हा नियमित धंदा म्हणून रुजवण्यात किनाऱ्यावरच्या बचाव संस्थांचा वाटा मोठा आहे. ब्रिटनच्या आर. एन. एल. आय. या संस्थेने १९६३ मध्ये फुगवायच्या होड्या सेवेत आणल्या. त्याच सुमारास वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात रिअर ॲडमिरल डेस्मंड होर आणि त्यांचे विद्यार्थी एका साध्या अडचणीशी झगडत होते. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून ढकलताना होडीचा कापडी तळ झिजून जाई. त्यांनी प्लायवूडचा तळ चिकटवून पाहिला आणि वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून ताठ तळाची, कडेने हवेच्या नळ्या असलेली नवी जात तयार झाली. अटलांटिक २१ ही त्या जातीची होडी १९७२ मध्ये सेवेत आली. पुढच्या वर्षी होर यांनी पेटंटचे हक्क संस्थेला एका पौंडाला दिले, आणि तो धनादेशही वटवला नाही असे सांगतात.

ताठ तळाने दुरुस्ती-विक्रीचा प्रश्न दोन तुकड्यांत फोडला. तळ फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा असल्याने तीस-चाळीस वर्षे टिकू शकतो, नळ्यांचे आयुष्य त्याहून बरेच कमी. मग नळ्या कापून काढायच्या आणि नव्या बसवायच्या, हे स्वतंत्र काम युरोपभर उभे राहिले. बॅबिलोनला सांगाडा विकून कातडे राखत, इथे सांगाडा राखून कातडे फेकतात. नव्या नळ्यांचा खर्च मोठा असतो, तरी चांगल्या तळाच्या होडीत तो परवडतो. साध्या गुंडाळायच्या डिंगीत असा पर्याय नसतो. तिचे कापड गेले म्हणजे होडीच गेली.

काही ठिकाणी निर्णय मालकाच्या हाती ठेवलेलाच नाही. जहाजावरचा जीवरक्षक तराफा साधारण दर बारा महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात उघडून तपासावा लागतो. दहा वर्षे झाली की त्याच्या नळ्यांना नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन दरवर्षी कसोटी घेतात. त्यात सांधा सुटला तर तराफा बाद होतो. जुना, कसोटीत न टिकलेला तराफा सेकंडहँड विकणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे, म्हणून चांगली केंद्रे तो कापूनच टाकतात.

महाराष्ट्रात रबरी बोट लोकांच्या ओळखीची झाली ती महापुरांमुळे. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात गल्ल्यांमधून फिरणाऱ्या नारिंगी बोटी घराघरांत पाहिल्या गेल्या. त्याआधी एक वेगळी आठवण होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमारनगरला दहशतवादी उतरले ते अशाच डिंगीतून, आणि तिच्या यामाहा इंजिनाचा माग काढत तपास कराचीच्या दुकानापर्यंत गेला. नळ्यांवरून असा माग सहसा लागत नाही. इंजिन ही या जोडीतली जास्त टिकणारी आणि ओळखता येणारी वस्तू.

सरकारी कार्यालयातल्या बोटीचे म्हातारपण कागदावर ठरते. ती जडसंग्रह नोंदवहीत चढते, वर्षातले दहा-अकरा महिने गोदामात घडी घालून पडते, आणि तिथेच उंदीर, उष्मा आणि घडीच्या रेषा तिचे आयुष्य खातात. मे महिन्यात फुगवून पाहिली की दोष कळतात, पण गोंद आणि कापड मागवायला पावसाळा उजाडतो. शेवटी निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि लिलावात बोट भंगाराच्या भावाने निघते. पाण्याने झिजलेल्या बोटीपेक्षा न वापरता सडलेली बोट जास्त महाग पडते, पण नोंदवहीत दोन्हींसाठी रकाना एकच.

इंजिन आणि होडी यांच्या किमतीतली तफावत २०१५ मध्ये एजियन समुद्रात उघडी पडली. त्या वर्षी साडेआठ लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे ग्रीसला पोचली, बहुतेक तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून भरून सोडलेल्या हलक्या दर्जाच्या रबरी बोटींतून. लेस्बोस बेटावर बोट लागली की स्थानिक लोक इंजिन सोडवून नेत, नळ्या तशाच पडून राहत. त्या एका खेपेपुरत्याच बनवलेल्या होत्या आणि त्यांना ठिगळ लावण्यात कोणालाच रस नव्हता. पुढे स्वयंसेवकांनी त्या कापडाच्या पिशव्या शिवल्या.

ड्यूपाँने २०१० मध्ये टेक्सासमधला हायपलॉनचा कारखाना बंद केला. त्या जातीचे रबर इतर उत्पादक बनवतात आणि बाजारात जुनेच नाव चालते, पण कापड महागले. मधल्या किमतीच्या बऱ्याच होड्या पीव्हीसीकडे वळल्या. परिणामी जुन्या चांगल्या हायपलॉन होडीला तिच्या वयाच्या मानाने जास्त भाव येतो आणि तिची दुरुस्ती अजून परवडते. स्वस्त पीव्हीसी डिंगीबाबत उलटे घडते. दोन सांधे आणि मागची फळी पुन्हा चिकटवण्याची मजुरी नव्या डिंगीच्या किमतीला भिडते. अशी डिंगी विकायला काढणारे बहुतेक जण इंजिन वेगळे विकतात, वल्ही आणि पंप त्याच्यावर देतात, आणि नळ्या कोणी मागितल्याच तर फुकट.